मोरीपाशी ओढा तुंबून पाणी गल्लीत शिरतं, खोलीकरणाने थांबेल का?

वारणाकाठ

गाव वाळवा तालुक्यातलं, वारणा नदीपासून दीडेक किलोमीटर आत. महापुराबद्दल विचारत नाही, तो वेगळा विषय. नदी पात्रात असतानाही तासभर जोरदार वळीव झाला की ओढा रस्त्याच्या मोरीपाशी तुंबतो आणि पाणी खालच्या गल्लीत, समाजमंदिरात शिरतं. मोरीला ९०० मिमीचे दोन सिमेंट पाइप आहेत. रस्ता नुकताच काँक्रीटचा झाला, त्यात तो दोन फूट उंच झाला. मोरीच्या वरचं पाणलोट क्षेत्र अंदाजे १०० हेक्टर, बराचसा ऊस, वरच्या अंगाला माळ. ग्रामसभेत जेसीबी लावून ओढा खोल करायचं चाललंय. उपयोग होईल का?

मोजपट्टी

जेसीबी सांगायच्या आधी हा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवा. पाणलोट (हेक्टर) गुणिले पावसाचा जोर (ताशी मिमी) गुणिले वाहून येणारा वाटा, भागिले ३६०. उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये येतं. ताशी ६० मिमी पाऊस आणि निम्मं पाणी वाहून येतं असं धरलं तर १०० × ६० × ०.५ ÷ ३६०, म्हणजे ८.३ घनमीटर.

आता तुमची मोरी. ९०० मिमी पाइपाचं तोंड ०.६४ चौरस मीटर, दोन्ही मिळून १.२७. पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने गेलं तरी जेमतेम अडीच घनमीटर निघतं, तेही पाइप स्वच्छ असतील तर. राहिलेलं पाच-सहा घनमीटर पूर्वी रस्त्यावरून वाहून पलीकडे जायचं. आता तो रस्ता तुमच्या गल्लीसाठी बंधारा झालाय. रस्ता उचलला आणि मोरी जुनीच ठेवली, हे दुखणं गावोगाव दिसतं, कारण रस्त्याच्या अंदाजपत्रकात मोरी बहुतेक वेळा धरलेलीच नसते.

पाइपाच्या तळापेक्षा खाली ओढा खोदला तर तो खड्डा दोन पावसांत गाळाने भरतो. पाइपाचं तोंड काही मोठं होत नाही. मोरीच्या खालच्या अंगाला लागून खोदलं तर त्याहून वाईट, पाणी पाइपाखालची माती काढतं आणि हेडवॉल, म्हणजे पाइपांच्या तोंडाची भिंत, बसते. गाळ काढायचाच असेल तर नदीकडच्या टोकापासून वर येत काढा. वरून सुरुवात केली की पाणी अडणीच्या जागी आणखी लवकर येऊन थडकतं. त्याआधी डंपी लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावून मोरीपासून नदीपर्यंत दर ३० मीटरला ओढ्याचा तळ आणि रुंदी मोजून घ्या. एखादी जागा नक्की अशी सापडेल की जिथे ओढा निम्मा झालाय.

खरं काम म्हणजे २.५ मीटर रुंद, २ मीटर उंच बॉक्स मोरी, म्हणजे काँक्रीटची चौकोनी मोरी. ५ चौरस मीटर तोंड, त्याच वेगाने १० घनमीटर पाणी. पाइपांची संख्या वाढवण्यापेक्षा एक मोठा गाळा बरा, कारण दोन पाइपांमधल्या भिंतीलाच फांद्या आणि पाचट (उसाचा वाळलेला पाला) अडकतं.

तेवढा निधी लगेच मिळत नसेल तर रस्त्याचा १५ मीटरचा तुकडा मूळ पातळीला उतरवून रपटा करा. त्यावरून ४० सेंटिमीटर पाणी वाहिलं तर साधारण ६ घनमीटर निघून जातं, म्हणजे नेमकी तुमची तूट. मात्र ४० सेंटिमीटर वाहतं पाणी दुचाकीला आडवं करतं. दोन्ही कडांना खोली दाखवणारे रंगवलेले खांब हवेत आणि पाणी असेपर्यंत रस्ता बंद. रस्ता जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकामचा हे आधी पाहा. परवानगीशिवाय ग्रामपंचायतीने काँक्रीट फोडू नये.

बांधावरचा

वरचा हिशेब बरोबर आहे, पण उसाच्या पट्ट्यात मोरी कितीही मोठी केली तरी पाचटाचा बंदोबस्त लागतोच. तोडणीनंतर पाचट गोळा करून ओढ्याच्या काठाला टाकतात आणि पहिल्या पावसात ते थेट पाइपाच्या तोंडात. पाचट सरीतच दाबायला सांगा, जमिनीलाही चांगलं. पाइपाच्या तोंडाला जाळी ठोकू नका, अर्ध्या तासात तिची भिंत होते. बसवायचेच तर मोरीच्या चार-पाच मीटर वर तिरपे लोखंडी बार, दोन बारांमध्ये १५ ते २० सेंटिमीटर अंतर, आणि बार तुंबले तर पाणी वरून जाईल एवढी उंची. मेमध्ये एकदा आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर साफसफाई. हे काम कोणाचं, ते नावानिशी ठरवा.

माळावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीत खणलेले चर, जरूर घ्या, पण अपेक्षा बेताची ठेवा. ६० सेंटिमीटर रुंद, ३० खोल असा चर हेक्टरी ४०० मीटर काढला तर ७२ घनमीटर पाणी मावतं, म्हणजे ७ मिमी पाऊस. तासाला ६० मिमी पडताना पहिली काही मिनिटं आवरली जातात एवढंच. गाळ आणि मातीही कमी येते, पाइपासाठी तो फायदा मोठा. प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी मात्र पुराच्या हिशेबात धरूच नका. ती विहिरीच्या मोटरने भरतात आणि पावसाळ्यात आधीच काठोकाठ असतात.

खोदलेला गाळ काठावर सलग ढीग करून ठेवू नका, दर २०-२५ मीटरला मोकळी जागा सोडा. नाहीतर शेतातलं पाणी ओढ्यात उतरत नाही, ढिगामागे साचतं आणि शेवटी ढीग फोडून गाळासकट खाली येतं.

वारणाकाठ

मोरीच्या खाली दोन फर्लांगांवर एका शेतकऱ्याने ओढ्यात बांध घालून ऊस लावलाय, ओढा पाच-सहा फुटांवर आलाय. समजावून ऐकत नाही. आणि कधीकधी नदीही चढलेली असते. तेव्हा पाणी ओढ्याचं की नदीच्या फुगवट्याचं, हे कसं ओळखायचं?

सातबारा

आधी गावनकाशा पाहा. ओढा सरकारी म्हणून दाखवलेला असेल तर ते अतिक्रमण, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ५० खाली तहसीलदार काढू शकतात. खासगी जमिनीतला प्रवाह अडवला असेल तर ज्याच्या शेताचं नुकसान होतंय त्याने मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करावा. अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांत करावा लागतो, आणि नेमका इथेच घोळ होतो: लोक दोन पावसाळे समजूत घालण्यात घालवतात आणि मुदत टळते. सोबत भूमी अभिलेखची मोजणी, तारखेसह फोटो आणि पाणी उतरायच्या आत तलाठ्यांकडून करून घेतलेला पंचनामा जोडा. तोंडी तक्रारीवर काही हलत नाही.

मोजपट्टी

ती पाच-सहा फुटांची जागा मोकळी झाल्याशिवाय वरची मोरी मोठी करू नका, पाणी तिथून मागे फुगून पुन्हा गल्लीतच येईल.

फुगवट्यासाठी मोरीपाशी आणि ओढा नदीला मिळतो तिथे, दोन्हीकडे एकाच पातळीवरून मोजलेल्या सेंटिमीटरच्या पट्ट्या रंगवा. पावसात दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील तर पाणी नदीने अडवलंय, त्या वेळी मोरी मोठी असो वा लहान, फरक पडणार नाही. मोरीचा आकडा बराच वर असेल तर दोष वाटेतला. संगमाच्या खाली कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर त्याचे बरगे (पाणी अडवायला बसवलेल्या फळ्या) पावसाळ्याआधी निघालेत का, तेही पाहून या. बरगे राहिले तर मध्यम पावसातही नदीची पातळी उगाच चढलेली राहते.

गल्लीची गटारं ओढ्यात पडतात त्या तोंडांना लोखंडी झडप बसवता येते. बाहेरचं पाणी चढलं की ती आपोआप बंद होते. बिजागरीत एक काडी अडकली तरी उघडी राहते, म्हणून जूनच्या आधी हाताने हलवून पाहा. आणि झडप बंद असताना गल्लीत पडणारा पाऊस बाहेर काढायला डिझेल पंप तयार हवा. विजेच्या पंपावर विसंबू नका, अशा पावसात लाइट आधी जाते.