२४ फ्रेमची डिप्लोमा फिल्म सह्याद्रीला देताना काय काय बदलावं लागतं?

प्रश्न (संकलन_टेबल):
२० मिनिटांची मराठी विद्यार्थी-फिल्म सह्याद्री वाहिनीकडे पाठवायची आहे. चित्रीकरण सेकंदाला २४ फ्रेम, १९२०×१०८०. आवाजाचं मिक्स थिएटरसाठीचं ५.१ (सहा ट्रॅकचं). एका प्रसंगात पात्र विडी ओढतं, दुसऱ्यात रेडिओवर जुनं भावगीत वाजतं. फाइल नुसती ५०आय करून काढली तर हालचाल अडखळते. कुठे चुकतंय?

फ्रेममोजणी:
आपल्याकडचं प्रसारण २५ फ्रेमचं, म्हणजे ५० फील्डचं (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र; ५०आय ते हेच). २४ ची टाइमलाइन थेट ५०आय केली की सॉफ्टवेअर सेकंदाला एक फ्रेम दुप्पट करतं किंवा दोन फ्रेम मिसळतं. कॅमेरा पॅन होताना ते लगेच दिसतं.

क्लिपचा दर बदलून २५ करा, फ्रेम तेवढ्याच ठेवा. २८,८०० फ्रेमची फिल्म १९ मिनिटं १२ सेकंदांची होईल. आवाजही तेवढाच वेगवान करावा लागतो. त्यामुळे सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतराच्या साधारण ७० टक्के सूर चढतो, तो पिच करेक्शनने खाली आणा. आधी मूळ क्लिप २४ च्या आहेत की २३.९७६ च्या, ते तपासा. इथे गफलत झाली तर २० मिनिटांत लिपसिंक, म्हणजे ओठ आणि आवाजाचा मेळ, सव्वा सेकंदाने सुटतो. एक्सपोर्टला अप्पर फील्ड फर्स्ट, म्हणजे वरच्या ओळीचं फील्ड आधी.

शिरोरेखा:
देवनागरी नामावली आणि सबटायटलकडे कुणी बघत नाही. एक पिक्सेल जाडीची शिरोरेखा एकाच फील्डमध्ये येते, म्हणून ती सेकंदाला २५ वेळा लुकलुकते. जाड वळणाचा फाँट घ्या, शिरोरेखा ३-४ पिक्सेल ठेवा, उभ्या दिशेने किंचित ब्लर द्या. अक्षरं डावी-उजवीकडून ९६ आणि वर-खालून ५४ पिक्सेल आत.

५.१ चा आपोआप स्टिरिओ करू नका, नवा मिक्स करा. आवाजाच्या सरासरी पातळीचा युरोपीय मापदंड उणे २३ एलयूएफएस (लाउडनेसचं एकक), ट्रू पीक म्हणजे सर्वोच्च टोक उणे १ डेसिबल. वाहिनीच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळायचा. थिएटरात ऐकू येणारी कुजबुज घरच्या पंख्याखाली गडप होते, तेव्हा संवाद वर घ्या.

कागदपत्र_आधी:
विडीचे तीन शॉट असतील तर कापाच. नाहीतर २०१२ पासूनच्या तंबाखूविषयक नियमांप्रमाणे सुरुवातीला आणि मध्यावर ३० सेकंदांचा आरोग्य संदेश, तसाच २० सेकंदांचा दृक्‌श्राव्य इशारा लागतो. एकूण १०० सेकंद! शिवाय दृश्य चालू असताना खाली मराठीत स्थिर इशारा.

गाणं रेडिओवर वाजलं म्हणून फुकट होत नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, गीत आणि चालीचा रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे रेकॉर्ड मोकळी झाली तरी गीत अडकलेलं असू शकतं. महोत्सवापुरती घेतलेली परवानगी प्रसारणाला चालत नाही. आणि फिल्मचा निर्माता कोण ते बघा. एफटीआयआय (पुण्याची फिल्म संस्था) सारख्या ठिकाणी निर्माती संस्थाच असते, तिथे नाहरकत पत्र तिचं लागतं.

संकलन_टेबल:
पिच करेक्शननंतर आवाज पत्र्यासारखा येतोय.

फ्रेममोजणी:
पूर्ण मिक्सवर लावलंत. संवाद, संगीत, इफेक्ट असे वेगवेगळे स्टेम घेऊन संवाद आणि संगीतावरच लावा, पावलं-दारं चढलेल्या सुरातच राहू द्या. तिथे फरक कळत नाही.