मंडळीचं जेवण रांधताना: तुमचे अनुभव लिहा

सर्वांना सलाम. बाळंतपण, आजारपण, मयत, सण असो, मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, घरांसाठी रांधणारे हात गावोगावी आहेत. पण त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. उपदेशकाचं नाव पत्रिकेत येतं, गंज (मोठं पातेलं) घासणारीचं येत नाही, आणि हे मला खटकतं. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढा. रोजच्या वाटणीत विधवांची आबाळ होते अशी कुरकुर उठली, म्हणून पंक्तीची सेवा बघायला सात जण निवडले. पुढे दगडमार होऊन हुतात्मा झालेला स्तेफन त्यांतलाच. तुमच्याकडे हे काम कसं चालतं ते सांगा. माणसांची नावं नकोत, तालुका पुरे.

दारव्हा तालुका

आमच्याकडे सोयाबीन घरात आलं, कापसाची पहिली वेचणी झाली की उपकारस्तुतीची उपासना. कापूस, भोपळे, संत्री, कुणाची कोंबडी, सगळं वेदीपुढे येतं. उपासनेनंतर त्याचा लिलाव, आणि मग रोडगे (आरात भाजलेले कणकेचे जाड गोळे), वरण, वांग्याची भाजी.

रोडग्यांचं काम पुरुष माणसांकडे. पहाटेच गोवऱ्या रचून पेटवायच्या, जाळ बसून लाल आर झाला की रोडगे त्यात सोडायचे. तिथं घाई केली की वरून काळा, आत पीठ कच्चं. आमच्या इथले एक म्हातारे काका चटका सोसून रोडगा हातात घेतात आणि अंगठ्यानं दाबतात. चीर पडून आतून वाफ आली तरच "झाला" म्हणतात, नाही तर परत आरात. मग फडक्यानं राख झटकायची, फोडून वरून तूप. पंगतीला गावातले बौद्ध, कुणबी शेजारीही असतात. भाजीची वांगी बहुतेक त्यांच्याच वावरातली असतात.

मेहकर तालुका

मी मयतीच्या घराबद्दल लिहिते. मातीहून लोक परत येतात तेव्हा त्या घरात चूल पेटलेली नसते. आमच्या महिला मंडळानं घरं वाटून घेतली आहेत: सकाळचा चहा एका गल्लीकडे, दुपारचं पिठलं-भाकर दुसरीकडे, रात्रीचं वरण-भात तिसरीकडे. पहिल्या दिवशी सगळेच डबे आणतात नि वाया जातं. चौथ्या दिवशी कुणी फिरकत नाही. म्हणून आम्ही पहिल्या दिवसाची गर्दी पुढच्या दिवसांवर ढकलतो.

डबा देऊन परत फिरू नका, हे माझं कळकळीचं सांगणं आहे. नवरा गेलेली एक बाई ताटाकडे बघायलाही तयार नव्हती. आमच्यातली एक मावशी शेजारी बसली, स्वतःच्या ताटात भाकर कुस्करली आणि म्हणाली, "मी बी सकाळपासून उपाशीच हाओ वं, चाल, दोघी खाऊ." तेव्हा तिनं पहिला घास घेतला. मावशीनं एक वचनही म्हटलं नाही, पण मी याला सेवकाईच म्हणते.

वाशिम

रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटलात खेड्यांवरून पेशंट येतात. त्यात आपल्या मंडळीचं कुणी असेल तर आम्ही डबा नेतो. पेशंटला काय चालतं ते सिस्टरला विचारूनच. सोबतच्या माणसाची भाकर वेगळी बांधतो, कारण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

धारणी तालुका, मेळघाट

आमची कोरकू मंडळी. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ढाण्या-ढाण्यांवरून (वस्त्यांवरून) माणसं लेकरं घेऊन येतात, रात्री तिथंच मुक्काम. थंडी कडक, म्हणून चुल्हा रात्रभर विझू देत नाही. कुटकीचा (बारीक भरडधान्याचा) भात नि तुरीची डाळ. बाहेरच्या पाहुण्यांनी पुरी-भाजी सुचवली होती. आमच्या बायांनी ऐकून घेतलं आणि कुटकीच शिजवली. ते बरोबरच केलं.

खामगाव तालुका

आमच्याकडे तरुण संघ रांधतो. ईस्टरची पहाटेची उपासना आणि विदर्भाचं ऊन, दोन्ही सांभाळावं लागतं. २०२५ साली ईस्टर २० एप्रिलला होता. अशा उन्हात पहाटे शिजवलेलं वरण दुपारपर्यंत आंबतं. म्हणून सकाळी फक्त पोहे आणि मठ्ठा. दुपारचं जेवण उपासना संपल्यावरच चढवतो, आणि गंजावर ताट नाही, ओलं फडकं झाकतो. पोरांना झारा धरायची लाज वाटत नाही याचा मला मनापासून आनंद आहे.

मूर्तिजापूर तालुका

वाचून धीर आला. या डिसेंबरात आमच्याकडे पहिल्यांदाच जेवण आहे, शंभर माणसं धरली आहेत. किती घ्यावं?

दारव्हा तालुका

ताई, भात असेल तर तांदूळ १० किलो, तूरडाळ ५ किलो, आलू-वांगे मिळून १२ किलो. भाकर किंवा पोळी ठेवली तर तांदूळ ७ किलोत भागतं. सांबार (कोथिंबीर) सढळ हातानं घ्या. लेकरं नि म्हातारे पहिल्या पंगतीला, वाढणारे शेवटच्या. आणि त्यांच्यासाठी भाजीचा एक गंज आधीच बाजूला काढून ठेवा.