श्रद्धा घरातून येते की आपली आपण ठरते?

खानापूरवाला: आमचं घर माळकरी, आषाढी वारी ठरलेली. पण माझं मन आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीच्या डोंगरावरच रमतं, तिथं गेलं की अंगावर काटा येतो. वडील म्हणतात यंदा माळ घाल. ज्या घरात जन्मलो तशीच श्रद्धा असायला पाहिजे काय?

निपाणीकर: नाही रे. आमच्या शेजारी लिंगायत घर आहे, आजी रोज इष्टलिंग, म्हणजे अंगावर बाळगायचं छोटं शिवलिंग, तळहातावर घेऊन पूजा करतात, नातू देवधर्म काही मानत नाही पण बसवजयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढं. संस्कार एकच, माणसं दोन तऱ्हेची. घर रीत शिकवतं, भक्ती ज्याची त्याची.

सीमाताई: मला अर्धंच पटलं. यल्लम्मा पण तुला इथल्या मातीतूनच मिळाली की! लहानपणापासून भंडारा कपाळाला, कानावर 'उदो उदो', माघ पौर्णिमेला गाड्या भरून माणसं, कन्नड-मराठी सगळी. नागपुरात वाढला असतास तर हा डोंगर डोक्यात तरी आला असता काय?

खानापूरवाला: बरोबर ताई, पण मग माळेचं काय?

निपाणीकर: माळ म्हणजे मटण बंद, एकादशी पाळायची. मन नसताना वडिलांसाठी घालू नको, स्पष्ट बोल त्यांच्याशी.