हळदीकुंकवाचे वाण: स्त्रियांच्या हृदयविकाराची आठवण राहील असे 50 रुपयांत काय देता येईल?

रुणझुण_सातारा
माझ्या धाकट्या जाऊबाईंना गेल्या पावसाळ्यात, वयाच्या 52व्या वर्षी, हृदयविकाराचा झटका आला. भाकऱ्या थापताना त्यांचा जबडा आणि पाठ दुखू लागली, मळमळले, दरदरून घाम सुटला. आम्ही पित्त समजून ओवा-सैंधव दिले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबलो. अँजिओप्लास्टी झाली, त्या वाचल्या. पण आता जिना चढताना मध्येच बसतात. यंदा आमच्या गल्लीतल्या 60 जणींना स्टीलच्या वाटीऐवजी या विषयाचे काही वाण द्यावे असे मनात आहे. एकूण 3000 रुपयांच्या वर जाता येणार नाही. कृपया सुचवावे.

निवृत्त_मास्तर
रक्तदाब मोजण्याचे यंत्र द्या. मी आधी मनगटावर बांधायचे घेतले होते; ते दर वेळी निराळाच आकडा दाखवी, शेवटी नातवाने खेळायला नेले. नंतर 2200 रुपयांचे दंडाचे घेतले, ते उत्तम चालले आहे. मात्र पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसावे, बाही वर सारावी, मोजताना बोलू नये आणि त्याआधी अर्धा तास चहा घेऊ नये. आरोग्यापुढे पैशाचा विचार करू नये, असे माझे मत आहे.

रुणझुण_सातारा
मास्तर, साठ यंत्रांचे 1,32,000 रुपये होतात.

कोथरूडची_मावशी
माझ्या मुलाने न्यू जर्सीहून पाठवलेले घड्याळ मनगटावरच ईसीजी काढते, त्यामुळे मी निर्धास्त असते. तिकडे फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी स्त्रियांच्या हृदयविकाराच्या जागृतीसाठी सगळे लाल कपडे घालतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनची 'गो रेड फॉर विमेन' ही मोहीम 2004 पासून चालू आहे. तुम्ही लाल ब्लाउजपीस द्यावेत.

वॉर्डसिस्टर
मावशी, ते घड्याळ ठोक्यांची अनियमितता दाखवू शकते, हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही. त्याच्या भरवशावर घरी थांबू नका. छातीत दुखणे हे स्त्रियांमध्येही सर्वाधिक आढळणारे लक्षण आहे, परंतु त्याच्या जोडीला किंवा कधी त्याच्याशिवायही धाप, मळमळ, विलक्षण थकवा, जबडा किंवा पाठ दुखणे हे त्यांच्यात अधिक दिसते, आणि मग घरात पित्ताचे औषध शोधले जाते. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून धोका टळला असे होत नाही. तो पुन्हा काढावा लागतो आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे ट्रोपोनिन तपासावे लागते. गरोदरपणात रक्तदाब किंवा साखर वाढली होती का, पाळी लवकर गेली का, हे प्रश्न बायकांना क्वचितच विचारले जातात. या दोन्हींमुळे पुढे हृदयविकाराची शक्यता वाढते. शंका आली की 108ला फोन करावा.

घाण्याचे_तेल
सगळे मूळ रिफाइंड तेलात आहे. माझी आजी घाण्याच्या शेंगदाणा तेलावर 91 वर्षे जगली. प्रत्येकीला अर्धा लिटर बाटली द्या.

वारणाकाठ
आपल्या आजी मिशरी लावत होत्या का, तेही सांगावे. आमच्याकडे तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिशरी दिवसातून चारदा दातांना लावणाऱ्या बायका 'आम्हाला व्यसन नाही' असे शपथेवर सांगतात. तेलाचा वाद नंतर घालू, आधी ती डबी बाजूला ठेवू. बाकी मीही यंत्रच सुचवीन. पत्रके मात्र छापू नयेत, ती रद्दीत जातात.

माळावरची
वाण कोणाला देणार, हा माझा प्रश्न आहे. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या 52 देशांच्या इंटरहार्ट पाहणीत स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षे उशिरा येतो असे दिसले. म्हणजे पाळी गेलेल्या, वय झालेल्या बायकांपर्यंत हे पोहोचायला हवे, आणि त्यांतल्या कित्येक विधवा असल्यामुळे हळदीकुंकवाला बोलावल्याच जात नाहीत. वडील गेल्यापासून माझी आई संक्रांतीला दार लोटून बसते.

कोथरूडची_मावशी
हा या धाग्याचा विषय नाही.

वॉर्डसिस्टर
हाच आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव मे 2022 मध्ये केला. एका गल्लीला तर ठरावाचीही गरज नाही.

पुणे_ठाणे_पुणे
वरचे वाचले नाही. दंडाचे रक्तदाब यंत्र घ्यावे, किंवा सर्वांची संपूर्ण तपासणी करून घ्यावी. आमच्या हिला 4500 रुपयांत 72 चाचण्या झाल्या.

रुणझुण_सातारा
सर्वांचे आभार. कागद रद्दीत जातो असे वारणाकाठ म्हणाले, तरी मी वहीच देणार आहे. चाळीस पानी छोटी वही आणि पेन्सिल मिळून घाऊक दराने 31 रुपये पडतात. पहिल्या पानावर चार ओळी असतील: शेवटचा रक्तदाब कधी मोजला, गरोदरपणात काय वाढले होते, पाळी कोणत्या वर्षी गेली, मिशरी किती वेळा. खाली मोठ्या अक्षरात 108. हे पान जाऊबाई स्वतः साठ वेळा लिहीत आहेत. छापून घेऊ म्हटले तर ऐकत नाहीत. गल्लीतल्या पाच विधवा बायकांना आमंत्रण गेले आहे, त्यामुळे पाच वह्या वाढल्या आणि सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोललेल्या नाहीत. घरातले दंडाचे यंत्र त्या दिवशी ओटीवर मांडणार आहोत. मास्तरांची पाच मिनिटांची अट पाळायची म्हणून सतरंजी अंथरली आहे, आणि चहा मोजणे झाल्यावरच मिळेल.