गळणे, ठिबकणे, झिरपणे, पाझरणे: फिश टँकच्या जोडाला काय म्हणाल?

प्रश्न: घरच्या फिश टँकच्या तळाला भोक पाडून पाणी खालच्या फिल्टरच्या टाकीत उतरवलं आहे. भोकाशी प्लास्टिकचं टँक निपल, म्हणजे काचेतून पाइप पार नेणारा आट्यांचा जोड, आहे. त्याच्याभोवतीची काच सतत ओली राहते, पण थेंब पडत नाही. याला 'गळतंय' म्हणायचं का?

उत्तर: मी तरी 'गळतंय' म्हणणार नाही. गळण्यात पाणी खाली पडताना दिसतं: छप्पर गळतं, नळ गळतो. थेंबांना ताल असेल तर ते ठिबकणं, म्हणून तर ठिबक सिंचन. पाझरण्याला मात्र भोक लागत नाही, अंगातूनच पाणी येतं. माठ पाझरतो, बांध पाझरतो, काच पाझरत नाही. फटीतून हळूहळू पाणी पुढे सरकत असेल तर ते झिरपणं. तुमचं निपल झिरपतंय.

हा फरक नुसता कोशापुरता नाही. झिरपण्याची वाट शोधावी लागते. जोड पुसून कोरडा करा, मग टिश्यू पेपरचा एक तुकडा काचेलगत आणि दुसरा पाइपच्या आट्यांवर गुंडाळा. आधी काचेलगतचा भिजला तर दोष निपल आणि काच यांच्यामधल्या चकतीत आहे, आट्यांवरचा भिजला तर आट्यांत.

दुसरं मत: 'चकती' पुस्तकी वाटते, आमच्याकडे सगळे 'वायसर'च म्हणतात. दोन्ही चालतील, पण ती रबराची आहे हे जरूर सांगावं. ती निपलच्या रुंद कडेखाली बसते, चेकनटच्या, म्हणजे निपल काचेला आवळून धरणाऱ्या नटच्या, बाजूला नाही. चेकनट हातानेच आवळायचा, वर फार तर पाव फेरा. पान्याने जोर लावला की रबर चेंगरून बाहेर सरकतं, काचही तडकू शकते. आणि इथे पाणी अडवते ती चकती, आटे नव्हेत. म्हणून चेकनटच्या आट्यांवर कितीही टेफ्लॉन टेप गुंडाळलीत तरी फायदा नाही.

उत्तर: बरोबर. टेप पाइप जिथे निपलमध्ये फिरवून बसतो तिथे लावायची, आणि तीही आटे आवळतात त्याच दिशेने. उलटी गुंडाळली की फिरवताना सुटून गोळा होते. 'आटे गेले' म्हणजे आट्यांची धार झिजली. तिथे टेप वाढवत बसू नये, भाग बदलावा.

आणखी एक, आणि हे कळकळीने सांगतो: जुन्या लोखंडी पाइपांच्या आट्यांना लावतात तो सफेदा (पांढरा लेप) आणि धागा इथे अजिबात नको. सफेद्यात शिसं असू शकतं. पितळी जोडही टाळा, त्यातलं तांबं पाण्यात उतरलं तर झिंगे आणि गोगलगायी मरतात.

प्रश्नकर्ता: टिश्यू लावून पाहिला, काचेलगतचाच भिजला. वरून सिलिकॉन फासलं तर चालेल का?

उत्तर: ओल्या काचेला सिलिकॉन धरत नाही. भोक तळालाच आहे, म्हणून टँकमधलं सगळं पाणी काढा, निपल सोडवा, काच आणि निपलची कड पुसून नवी चकती बसवा. सिलिकॉन बहुधा लागणारच नाही.