मालवणात कमी, मुंबईत जास्त?
मालवणात नेट मंद म्हणून सिनेमे दाखवणारं स्ट्रीमिंग ॲप तिथे मुंबईपेक्षा कमी सिनेमे दाखवतं, असं काही जण म्हणतात; ते पटत नाही. सिनेमा दाखवायचे हक्क देशावर ठरतात, तालुक्यावर नाही. रेंज कमी झाली की चित्र धूसर होतं, यादी आखडत नाही. यादी तोकडी वाटते ती बहुधा प्रोफाइलमुळे. मुलांचं प्रोफाइल किंवा वयोमर्यादा लावली असेल तर बरेच सिनेमे शोधूनही सापडत नाहीत. भाषेत फक्त हिंदी-इंग्रजी निवडलं असेल तर मराठी सिनेमे पहिल्या पानावर क्वचितच येतात, नाव टाइप करून काढावे लागतात. तेही देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींत शोधून बघा.

बरेच जुने मराठी सिनेमे मात्र खरंच नाहीत, ही तक्रार रास्त. कित्येकांचे करार इंटरनेटच्या आधीचे, त्यात डिजिटल हक्कांचा उल्लेखच नाही. सही कोणाची घ्यायची इथेच गाडं अडतं. शिवाय हक्क मुदतीचे असतात. मुदत संपली की सिनेमा यादीतून जातो आणि डाउनलोड केलेलाही उघडत नाही, त्यामुळे पावसाळ्यात वीज जाईल म्हणून महिनाभर आधी साठा करण्यात अर्थ नाही. वर्षाचे पैसे भरण्याआधी हवी ती पाच-सात नावं जस्टवॉचवर (कोणता सिनेमा कुठल्या ॲपवर आहे ते सांगणारी साइट) टाका, कुठे आहेत ते कळतं.