मैलाटाकीत उतरलेल्या कामगाराचा मृत्यू : सोसायटीने पुढे केलेल्या संमतीपत्रावर सही करावी का? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. माझ्या मावसबहिणीचे यजमान गेल्या महिन्यात पुण्याजवळच्या एका गृहनिर्माण सोसायटीची मैलाटाकी साफ करताना गेले. ते मूळचे जालना जिल्ह्यातले. हंगामात गावी शेतमजुरी करायची आणि एरवी पुण्यात मजूर अड्ड्यावर उभे राहून मिळेल ते काम करायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. त्या दिवशी ठेकेदाराने त्यांना आणि आणखी एका मजुराला "टाकी उपसायची आहे" एवढेच सांगून नेले. पंचनाम्यात एक प्लॅस्टिकची बादली, नायलॉनचा दोर आणि तोंडाला बांधलेला गमछा यांची नोंद आहे. प्राणवायूचा सिलिंडर, मुखवटा किंवा कमरेचा पट्टा यांचा कुठेही उल्लेख नाही. दोर त्यांनी केवळ हातात धरला होता, त्यामुळे वर उभ्या असलेल्या सोबत्याने तो ओढला तेव्हा रिकामा दोर वर आला.

पोलिसांनी अद्याप फक्त अकस्मात मृत्यूची नोंद केली आहे. शवविच्छेदनाच्या अहवालात मृत्यूचे कारण राखून ठेवले असून व्हिसेरा (शरीरातील अवयवांचे नमुने) तपासणीसाठी पाठवला आहे. दरम्यान सोसायटीच्या समितीचे दोन सदस्य आणि ठेकेदार दहाव्याच्या आधीच घरी येऊन गेले. ते 3 लाख रुपये देण्यास तयार आहेत. मात्र त्यासाठी बहिणीने पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर "हा अपघात होता, आमची कोणाविरुद्धही तक्रार नाही व यापुढे कोणतीही मागणी करणार नाही" असे लिहून द्यावे, असा त्यांचा आग्रह आहे. "सरकारी मदत फक्त पालिकेच्या सफाई कामगारांना मिळते, तुमचे यजमान तर साधे मजूर होते," असेही त्यांनी ऐकवले. बहीण दोन लहान मुलांना घेऊन बसली आहे, घरभाडे थकले आहे, आणि घरातली वडीलधारी मंडळी "मिळते आहे ते घ्या" असे म्हणत आहेत. मला ते पटत नाही. परंतु माझ्या आग्रहामुळे तिच्या हातचे पैसेही जाऊ नयेत, याची मला फार काळजी वाटते.

ही सही केल्यास पुढचे सगळे हक्क संपतात का, ते सफाई कामगार नव्हते हे म्हणणे कायद्याला धरून आहे का, आणि आधी कोणते दार ठोठवावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे. आमचे कुटुंब अनुसूचित जातीतील नाही. त्याने काही फरक पडतो का, हेही कळावे.

प्रतिसाद १

आपल्या कुटुंबावर ओढवलेल्या प्रसंगाबद्दल मनापासून दुःख वाटते. मी अशा प्रकरणांत विधी सेवा प्राधिकरणामार्फत काम केले आहे, त्या आधारावर लिहितो. सर्वप्रथम, त्या कागदावर सही करू नका.

हाताने मैला उचलण्यास मनाई करणाऱ्या 2013 च्या कायद्याचे कलम 7 गटार किंवा मैलाटाकीच्या धोकादायक साफसफाईसाठी कोणालाही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कामावर लावण्यास बंदी घालते. "अप्रत्यक्षपणे" या शब्दामुळे ठेकेदाराकडे बोट दाखवून सोसायटी मोकळी होत नाही. सुरक्षा साधने न देता माणसाला टाकीत उतरवणे, हीच धोकादायक साफसफाई. तो माणूस पालिकेच्या नोकरीत आहे की अड्ड्यावरून आणलेला आहे, हे कायदा विचारत नाही आणि त्याची जातही विचारत नाही. म्हणूनच त्या पंचनाम्यातली बादली, दोर आणि गमछा ही नोंद तुमच्या दृष्टीने अतिशय मोलाची आहे. पंचनाम्याची आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत आताच मिळवून ठेवा, आणि वर उभ्या असलेल्या सोबत्याचा पत्ता व फोन क्रमांक घेऊन ठेवा. असे साक्षीदार काम शोधत दुसऱ्या शहरात निघून जातात आणि मग सापडत नाहीत.

भरपाईविषयी सांगायचे तर, सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृत्यूंसाठी 10 लाख रुपये ठरवले होते आणि 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात ती रक्कम 30 लाख केली. खासगी सोसायटीत घडले म्हणून सरकारचा संबंध नाही, हा बचाव आपल्या मुंबई उच्च न्यायालयापुढे येऊन गेला आहे. गोवंडीतील एका सोसायटीच्या टाकीत डिसेंबर 2019 मध्ये तीन कामगार मरण पावले. त्यांच्या पत्नींच्या याचिकेवर 2021 मध्ये न्यायालयाने शासनाला भरपाई द्यायला लावली आणि ती जबाबदार व्यक्तींकडून वसूल करण्याची मुभा शासनाला दिली. तेव्हा समोर ठेवलेले 3 लाख हे उपकार नाहीत, आणि पूर्ण हक्काच्या जवळपासही नाहीत.

आता घाईची बाब. या कायद्याखालील गुन्ह्याची तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत व्हावी लागते, आणि तुमचा एक महिना गेलेला आहे. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, तीत 2013 चा कायदा आणि निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत होण्यासंबंधी भारतीय न्याय संहितेचे कलम 106 यांचा स्पष्ट उल्लेख करा आणि पोच घ्या. ठाण्यात दाद लागली नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांकडे किंवा, शहर हद्दीत असाल तर, पोलीस आयुक्तालयात पाठवा. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. एक अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे द्या, कारण या कायद्याखालील जिल्हा दक्षता समितीचे तेच अध्यक्ष असतात, आणि त्याची प्रत समाज कल्याण विभागाच्या सहायक आयुक्तांना द्या. वकिलाच्या फीची चिंता नको. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न वा जात न पाहता, मोफत वकील मिळतो.

धागाकर्ता

आपले आभार कसे मानावेत ते कळत नाही. उद्याच बहिणीला घेऊन प्राधिकरणाच्या कार्यालयात जातो. एकच अडचण राहते : घरात आज पैसा नाही आणि समितीचे लोक पुन्हा येणार आहेत. काही रक्कम घेतलीच, तर खटल्याला बाधा येईल का?

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. कलम 106 चा गुन्हा तडजोडीने मिटवता येणाऱ्यांपैकी नाही, त्यामुळे "तक्रार नाही" असे लिहून दिले म्हणून तो आपोआप संपत नाही. परंतु तसा कागद तपास ढिला पडायला निमित्त ठरतो आणि बहिणीच्या जबाबावर शंका घ्यायला वाव देतो. पैशाची निकड असेल तर रक्कम फक्त धनादेशाने किंवा थेट बहिणीच्या खात्यात घ्या. पावतीवर "तातडीची मदत म्हणून, पुढील भरपाईचा व तक्रारीचा हक्क राखून" एवढेच लिहा. मसुदा आधी प्राधिकरणाच्या वकिलांना दाखवा आणि तोवर कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही देऊ नका. अशा पावतीवर ते पैसे द्यायला तयार झाले नाहीत, तर ते पैसे कशासाठी देत होते हे तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनाही स्पष्ट दिसेल. वारस दाखल्यासाठी लागणारा मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि आधार कार्डे एकत्र करायला मात्र आजच लागा, कारण भरपाई मंजूर झाल्यावरही या कागदांपायी रक्कम अडून राहू शकते.